बचावाची साक्षीदार

शपथ घेऊन झाली तरी गोदूबाईनं पिंजऱ्याचा कठडा सोडला नाही. समोर आरोपी म्हणून तिचा राजेश उभा होता. त्यानं त्यांच्याच कुडपण वाडीतल्या हरिबाला कोयत्यानं मारलं, असं पोलिसांचं म्हणणं. पण पाहिलं असं सांगायला वाडीतलं कुणी पुढं आलं नव्हतं. आता आईनं एवढंच म्हणायचं होतं, की त्या संध्याकाळी राजेश तापानं फणफणून घरात पडला होता. मग तो सुटणार होता. पोलादपूरहून येताना जीपमध्ये वकिलांनी तिच्याकडून ते वाक्य घोटून घेतलं होतं.

मागच्या बाकावर हरिबाची बायको शकू बसली होती. खाली मान घालून.

गोदूबाईनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. भांडण तसं क्षुल्लक. राजेशच्या म्हशी हरिबाच्या नाचणीत शिरल्या, हरिबानं त्या दावणीला बांधून ठेवल्या. मुंबईची कंपनी बंद पडून गावी आलेला राजेश आधीच धुमसत होता. तो कोयता घेऊनच गेला. पहिला घाव खांद्यावर बसला. हरिबा पळाला, तो स्वतःच्या घराकडं नाही, गोदूबाईच्या अंगणाकडं. तिथं राजेशनं त्याला गाठलं. हरिबानं हात आडवा धरला, तर बोटं तुटून पडली. पुढचा घाव मानेवर. गोदूबाई मधे पडली, तिला त्यानं लाथेनं बाजूला केलं. मग प्रेत ओढत नेऊन कड्यावरून खाली लोटलं. रक्ताचं अंगण तिनंच खरवडलं, तिनंच शेणानं सारवलं. पोटचं पोर फासावर जाईल, याखेरीज तेव्हा तिला काही सुचलं नव्हतं.

वकील जवळ आले. "घाबरू नका, बाई. त्या संध्याकाळी तुमचा मुलगा कुठं होता?"

राजेश तिच्याकडं टक लावून बघत होता. गोदूबाईनं वकिलांकडं पाहिलं.

"कुठला, साहेब?"

"कुठला म्हणजे? तुम्हाला एकच मुलगा ना?"

"जल्माला एकच घातला. हरिबाची आय बाळंतपणात गेली, तवा दोघांना माज्याच दुधावर वाढवला," गोदूबाई म्हणाली. तिनं राजेशकडं बोट केलं. "ह्यानं त्याला माज्या डोळ्यांदेखत तोडला. मरताना तो मलाच आये म्हणत व्हता."