न मोजलेली मतं

आखातातल्या बिन महमूद वस्तीतल्या हॉलमध्ये मराठी मंडळाच्या इतिहासप्रदर्शनात नीलांबरी तक्ता चिकटवत होती. त्यावर डान्झिग या युरोपातल्या जुन्या नगरराज्यातल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतांची रेष चौतीस टक्क्यांवरून १९३५च्या सोळापर्यंत उतरून थांबली होती. आयोजक गुरुप्रसादकाका गॅस प्लँटमधले इंजिनीअर. "रेष अधांतरी दिसतेय गं," ते म्हणाले, "शेवटी शून्य टाक, पक्ष संपलाय." "संपला नाही, नाझींनी बंदी घातली. पुढे मतं मोजलीच नाहीत." "एकच ना ते?" "तुमच्या प्लँटमध्ये मीटर बंद केल्यावर गॅस शून्य लिहिता?" काका चिडले. "शून्य टाक, नाहीतर भिंतीवर लागणार नाही. खलास." नीलांबरी तक्ता उतरवून, छातीशी धरून दारातच उभी राहिली. पहिल्याच पाहुणीने विचारलं, "पुढचं काढायचं राहिलं का?" "नाही," ती काकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "यापुढे लोकांना कुणी विचारलंच नाही."