तानुबाईंची खाट

बुलढाण्याच्या त्या वृद्धाश्रमात म्हातारी माणसं पडू नयेत म्हणून गाद्यांखाली घंटेला जोडलेल्या विजेच्या नव्या पट्ट्या घातल्या होत्या. माणूस उठून खाट रिकामी झाली, की घंटा वाजायची.

तानुबाई वारल्यावर तिथं काम करणाऱ्या रेणुकानं त्यांच्या गादीला ऊन दाखवलं आणि दुपारी ती पुन्हा अंथरली. तानुबाई भिंतीला खेटून निजायच्या. कोणी घडीभर टेकावं म्हणून कडेला जागा ठेवायच्या. घंटा तपासायला रेणुका तिथंच टेकली आणि उठली. घंटा वाजली नाही.

"दीपकभाऊ, पट्टी बिघडली वाट्टे."

वायरमन दीपकनं पट्टी शेजारच्या खाटेवर लावून पाहिली. तिथं बसून उठताच घंटा खणखणीत वाजली.

"पट्टी तं चांगली हाय," म्हणत त्यानं ती परत तानुबाईंच्या गादीखाली सारली.

रेणुका पुन्हा टेकली, उठली. घंटा गप्पच.

रोजच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, उठा, चहा झाला."

घंटा वाजली.