मोडलेली ठेव

"एफडी कुणी मोडली?" कादंबरीनं तिसऱ्यांदा विचारलं.

सलोनी खाली मान घालून उभी होती. समोर खुर्चीत तिचे आजोबा, मनमोहन, ताठ बसले होते.

नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर कादंबरी मुलीला घेऊन ठाकूरद्वारला वडिलांकडे आली. परळच्या एका लॅबमध्ये नोकरी करून अकरा वर्षांत तिनं सहा लाख साठवले. ठेव तिच्या आणि वडिलांच्या नावावर. सलोनीच्या फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाची फी भरायची म्हणून ती आज बँकेत गेली, तर ठेव वीस दिवसांपूर्वीच ऑनलाइन मोडलेली. पैसे कुणा परक्याच्या खात्यात गेलेले.

"मीच मोडली," सलोनी म्हणाली. "शेअर्सच्या टिप्स देणारा एक ग्रुप होता. सगळे पैसे बुडाले."

कादंबरीचा हात उठला तो सलोनीच्या गालावरच पडला.

"मारून वसुली होत नाही," मनमोहन म्हणाले.

छत्तीस वर्षं बँकेत, त्यातली बारा मॅनेजरच्या खुर्चीत. बिल्डिंगमधलं कुणीही सही करण्याआधी कागद त्यांना दाखवून जाई. घरात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी खर्चाचा हिशेब द्यावा लागे. सलोनीनं एकदा ओला टॅक्सी केली, तर पुढचे दोन महिने तिचा पॉकेटमनी बंद. कादंबरीलाही सुटका नव्हती. "तुझा नवरा ही तुझी पहिली बुडीत गुंतवणूक," हे ते पाहुण्यांसमोरही म्हणत.

"आजोबांच्या नेटबँकिंगचा पासवर्ड तुला ठाऊक, म्हणून चोरी केलीस?"

सलोनीनं होकारार्थी मान हलवली.

"मी पोलिसांत जाते. त्या ग्रुपवाल्याला धरतील तरी."

"पोलीस नकोत," मनमोहन पटकन म्हणाले. "पहिलं नाव हिचं येईल. उद्या कुठलं हॉस्पिटल नोकरी देईल? हिच्याकडून लेखी घे आणि विषय संपव. व्यवहारात नातं नसतं."

सलोनीनं चार ओळी लिहून दिल्या. वाणसामानाचं बिलही दोनदा वाचणाऱ्या मनमोहननी तो कागद न वाचताच घडी करून खिशात घातला.

"आता चालती हो," कादंबरी म्हणाली. "मला तुझं तोंड बघायचं नाही."

सलोनीनं बॅग भरली. लालबागला मेघना नावाची तिची मैत्रीण राहायची, तिच्याकडे जाते म्हणाली. दारात चपला घालताना वळली.

"आजोबा, बीपीची गोळी विसरू नका."

"सोंगं पुरे!" कादंबरीनं दार लावून घेतलं.

आठवड्यानं सलोनीनं दोन हजार रुपये पाठवले. कुठल्याशा जिममध्ये रिसेप्शनला लागली होती. कादंबरीनं पैसे त्याच मिनिटाला परत पाठवले. 'भीक नको,' एवढंच लिहिलं.

मनमोहन मात्र खंगत चालले. जेवण निम्म्यावर आलं, दिवसदिवस खोलीचं दार बंद. नातीनं म्हाताऱ्याला आतून मोडलं, असं कादंबरीच्या मनानं घेतलं. भाचीच्या साखरपुड्याला सरोजिनीमावशीनं सगळ्यांदेखत विचारलं, "सलोनी कुठाय गं?" तेव्हा ती ठणकावून म्हणाली, "चोराला आमच्या घरात जागा नाही."

तरीही फीची तारीख तिला झोपू देईना. अखेर तिनं आपल्या पाटल्या आणि आईची मोहनमाळ काढून वडिलांपुढे ठेवली.

"पप्पा, यावर कर्ज काढा. मी तिला घरात घेणार नाही, पण तिचं वर्ष बुडू देणार नाही. पैसे कुणाचे ते तिला सांगू नका."

मनमोहननी दागिने रुमालात बांधले. मग म्हणाले, "उद्याच जातो."

दुसऱ्या दिवशी ते बँकेत जाऊन आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी लॅबमधलं मशीन बंद पडलं म्हणून कादंबरी दुपारीच घरी परतली. वडिलांसाठी चहा टाकला आणि कप घेऊन त्यांच्या खोलीपाशी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मनमोहन कोट घालून, मोबाइल पुस्तकांना टेकवून, त्याच्यापुढे हात जोडून उभे होते. पडद्यावर खाकी गणवेशातला एक माणूस दरडावत होता, "कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही! तुम्ही अजून डिजिटल अरेस्टमध्ये आहात."

"नाही हलत, साहेब," मनमोहन म्हणाले. "घरात कुणाला काही कळलेलं नाही. नातीलासुद्धा मी शेअर्समध्ये बुडालो असंच सांगितलं, तिनं आळ स्वतःवर घेतला. सोन्याचे पैसेही आत्ता पाठवतो, पण मला बेड्या घालू नका."