रुमालाखाली

"ताई, दुकानाचे पासवर्ड क्लाउडवर ठेव. पेनड्राइव्ह हरवला तर?" नमन म्हणाला.

"न्हाई. आपल्या चाव्या आपल्याकडंच राहतील," शिखानं ठणकावलं.

परतूरच्या आडत दुकानातल्या तिजोरीत तिनं पेनड्राइव्ह ठेवला, वर वारलेल्या आजोबांचा रुमाल टाकला. याच रुमालाखाली व्यापाऱ्याची बोटं दाबून आजोबा गुपचूप भाव ठरवायचे.

दुपारी पेनड्राइव्ह काढायला तिनं रुमालाखाली हात घातला.

कुणीतरी तिची बोटं धरली आणि एकेक आकडा दाबत गेलं. सकाळीच ठरवलेला, कुणालाही न सांगितलेला, पेनड्राइव्ह उघडायचा मुख्य पासवर्ड.

शिखानं हात मागं घेतला नाही. पासवर्ड बदलायचाच, असं म्हणून ती मनात नवे आकडे जुळवू लागली. तेही दाबले जात होते.

शेवटचा तिला अजून सुचायचा होता. तो आधीच दाबला गेला.