भरल्याशिवाय सुटत नाही

गाडीअड्ड्याच्या सुधारणेचा आराखडा एकमताने मंजूर झाला. असो. तसं काही झालंच नाही असं धरून चालू.

मुथेउ सभागृहात तिसऱ्या रांगेत बसली होती. बसणं हाच तिचा धंदा. नैरोबीत रिकाम्या मटाटूत, म्हणजे तिथल्या वडाप गाडीत, कुणी चढत नाही आणि भरल्याशिवाय मटाटू सुटत नाही. म्हणून मुथेउसारखी माणसं प्रवासी बनून आधी बसतात. खरा प्रवासी आला की एकेक जण गुपचूप उतरतो, मागच्या गाडीत जाऊन बसतो. नवरा गेल्यापासून मुथेउ रोज दिवसभर प्रवासाला निघे आणि संध्याकाळी चालत घरी जाई. घरी कुणी नव्हतं. गाडीत निदान खांद्याला खांदा लागायचा.

आज अड्ड्यावर गाड्या भरणाऱ्या ओचुकाने सगळ्यांना इथे आणून बसवलं होतं. लोकसुनावणीला लोक लागतात.

"मावशी, झोपू नकोस. लोक खोटे वाटतात."

"खरे लोकच झोपतात रे, गाढवा."

मंचावर साहेब एकटेच. मागे नकाशा: छप्पर, संडास, रेल्वेकडे जायला पूल. खाली एक ओळ: गाड्या वेळापत्रकाने सुटतील, भरोत वा न भरोत.

मुथेउने ती ओळ पुन्हा वाचली. ती उभी राहिली. ओचुका तिचा स्वेटर ओढू लागला.

"अगं, तुला बसायला आणलंय!"

"साहेब, पूल बांधा, छप्पर घाला. पण गाड्या रिकाम्या सुटल्या तर मी बसू कुठे? घरी नुसत्या भिंती आहेत."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

"घरी कुणीच नसतं?" त्यांनी विचारलं.

हे तिला कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

मग ओचुकाने खूण केली. सगळ्यांचे हात वर गेले. मुथेउने हात वर केला नाही. कुणी मोजलं नाही.

सभागृह रिकामं झालं, तशी ती मंचापाशी गेली. "साहेब, तेवढी वेळापत्रकाची ओळ खोडा. तुमच्याच हातात आहे."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते खाली वाकून हळूच म्हणाले, "मावशी, मी पलीकडच्या अड्ड्यावरचा. खरे साहेब आले की उतर, असं सांगून बसवलंय. ही माझी चौथी सभा. आपल्या पाहण्यात कुणी खरे साहेब आल्यास त्यांना सदर खुर्चीवर त्वरित पाठवण्यात यावे, ही नम्र विनंती."