गुलाबी दगडाचे जिवाणू

खाणीतलं काळं मँगनीज संपलं, तेव्हा कंपनीने टाकाऊ गुलाबी दगडांच्या ढिगांवर नवे जिवाणू सोडले. दगडातली सिलिका खाऊन ते मँगनीज मोकळं करत. आज त्या ढिगांचं पाणी उतरतं त्या खाणीखालच्या शेतांतलं निम्मं धान वारा नसताना आडवं झालं होतं.

कंपनीची रसायनतज्ज्ञ विमल कोडापे हिने धानाचं एक ताट उचललं. ते ओल्या सुतळीसारखं बोटांवरून लोंबलं. त्याला उभं ठेवणारी सिलिकाच त्यात उरली नव्हती.

"वाऱ्याने पडलं, असं अहवालात लिहून टाका," संचालक धारपसाहेब बुटांचा चिखल बांधाला पुसत म्हणाले. "या लोकांना काय कळतंय?"

विमलला त्यांची किळस आली. तिने चाचणीसाठी तीन महिने मागितले, तेव्हा याच माणसाने तीन दिवस दिले होते.

बांधावरून तिची फुलनआत्या आली. आडवं पीक तिचंच होतं. "हे जिवाणू फक्त दगडच खातेत, असं कोनं सांगतलं होतं वं?"

धारपसाहेब गालातल्या गालात हसत विमलकडे पाहू लागले. परवानगीच्या कागदावर सही तिची होती.

"मीच, आत्या. अर्धवट तपासून सही केली," विमल म्हणाली. तिला आता स्वतःचीही तेवढीच किळस आली. तिने अहवालात दोषी म्हणून पहिलं नाव स्वतःचं लिहिलं आणि त्याखाली धारपसाहेबांचं.