तारखेची गाडी

भातखाचराच्या वाटणीवरून घरात मधोमध कुडाची भिंत उभी राहिली. सहदेवानं कल्याणचा वकील दिला आणि धाकट्या भावाशी, राघोशी, बोलणंच टाकलं. पण बैलगाडीत काही कूड घालता येईना! कोर्टाच्या तारखेला दोघांना एकाच गाडीतून जावं लागे. आंबिवली मागे पडली की राघो तंबाखूची चंची पुढे करी आणि मग कल्याण येईपर्यंत गप्पा संपत नसत.

आज निकाल. सहदेव सकाळपासून कोर्टाच्या आवारात नुसत्या येरझारा घालत होता.

वकीलसाहेब हसतच बाहेर आले. "जिंकलास लेका! खाचर तुझं. आता तारखा नाहीत, खेपा नाहीत!"

सहदेवानं चिंचेखाली बैल जुंपणाऱ्या राघोकडे पाहिलं.

 

"साहेब, जिंकलेल्याला बी वरच्या कोर्टात जाता येतं का हो?"